ऐकणारा फौजदार



माझे वडील बोदवड स्टेशनवर तारबाबू होते. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लाइनीवर, वरणगाव आणि मलकापूरच्या मध्ये आपलं हे स्टेशन. दुपारच्या सुट्टीत मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन जात असे. हंगामात मालधक्क्यावर कपाशीच्या गाठी रचलेल्या असत, त्यांच्या सावलीसावलीने चालत गेलं की तारघर. आत एक लाकडी टेबल, त्यावर पितळी यंत्र, आणि यंत्राच्या मागे वडिलांनी तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा आडवा लावून ठेवलेला. त्या डब्यामुळे यंत्राचा आवाज घुमून यायचा. कट्ट, कडकट्ट, कट्ट. वडील भाकरी मोडत असायचे, माझ्याशी बोलत असायचे आणि यंत्र आपलं चालूच असायचं. मध्येच त्यांचा घास हातातच थांबायचा. मी विचारायचो, "बाबा, तो काय म्हनून राह्यला?" ते म्हणायचे, "मालगाडी सुटली मलकापूरहून. पण पाठवणारा आज नेहमीचा नाही. हात निराळा आहे."

तार पाठवणाऱ्या प्रत्येकाचा हात निराळा असतो. अक्षरं तीच, खुणा त्याच, पण एकजण लांब ठोका जरा जास्त लांबवतो, दुसरा दोन अक्षरांच्या मध्ये किंचित रेंगाळतो. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही अशा माणसांना माझे वडील हातावरून ओळखत. आज इथे मी जे काही बोलणार आहे त्याचं मूळ त्या तारघरात आहे.

आता पन्नासएक वर्षं पुढे येतो. माझा भाचा इंग्लंडहून येताना एका जुन्या इंग्रजी मालिकेच्या डीव्हीडी घेऊन आला. 'इन्स्पेक्टर मोर्स'. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून त्याला वाटलं मामाला आवडेल. पावसाळ्याचे दिवस होते. मधल्या खोलीत टीव्ही लावला. वडील तेव्हा ८४ वर्षांचे, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मालिकेची धून सुरू झाली. संथ, उदास, संध्याकाळी शेतातून परतताना मनात जे दाटून येतं तसलं काहीतरी. आणि त्या सुरांच्या मधून एक ठेका. मला तो नुसता ठेका वाटला. वडिलांचं बोट मात्र खाटेच्या पाटीवर हलायला लागलं. ते वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "कोणीतरी एम, ओ, आर, एस, ई पाठवतंय. हात चांगला आहे."

मी मालिका थांबवली. मागे नेली. पुन्हा लावली. दोन लांब. तीन लांब. एक आखूड, एक लांब, एक आखूड. तीन आखूड. एक आखूड. मोर्स. फौजदाराचं नाव त्याच्याच धुनेत तारेच्या मोर्स कोडमध्ये ठोकलेलं होतं. मला जे पडद्यावर वाचावं लागलं ते माझ्या म्हाताऱ्या बापाने पाठ फिरवून नुसतं ऐकलं.

आजचा विषय एवढाच आहे: हेरकथेतलं गाणं आणि ते ऐकणारा कान.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. कॉलिन डेक्स्टर नावाच्या लेखकाने १९७५ साली 'लास्ट बस टू वुडस्टॉक' ही पहिली मोर्स कादंबरी लिहिली आणि पुढे अशा एकूण १३ लिहिल्या. ब्रिटनच्या आयटीव्हीवर ६ जानेवारी १९८७ ला मालिकेचा पहिला भाग लागला, शेवटचा १५ नोव्हेंबर २००० ला. चौदा वर्षांत भाग किती, तर फक्त ३३. प्रत्येक भाग म्हणजे एक पूर्ण सिनेमाच. गाव ऑक्सफर्ड. जॉन थॉ हा नट मोर्स झाला, केविन व्हेटली त्याचा मदतनीस सार्जंट लुईस. मोर्सला लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, रक्त पाहिलं की पोटात ढवळतं, शब्दकोडी सोडवायचा नाद आणि जुनी जॅग्वार गाडी. त्या गाडीत आणि घरी एकच सोबत: ऑपेरा. वाग्नर, मोझार्ट, पुच्चिनी. खून झालेल्या घरातून बाहेर पडला की तो गाडीत बसतो आणि गाणं लावतो. सुरुवातीला आपल्याला वाटतं, ही याची हौस. चार भाग पाहिल्यावर कळतं की हा याचा श्वास आहे.

या मालिकेला संगीत दिलं बॅरिंग्टन फेलुंग यांनी. जन्म ऑस्ट्रेलियातला, १९५४ चा. २०१९ साली ते गेले. धुनेत नाव लपवण्याची कल्पना त्यांचीच. पण ते तिथेच थांबले नाहीत. काही भागांत पार्श्वसंगीतात त्यांनी खुन्याचं नावसुद्धा याच कोडमध्ये ठोकून ठेवलं आणि काही वेळा मुद्दाम चुकीचं नाव ठोकलं, म्हणजे कान असलेल्या प्रेक्षकालाही चकवा बसावा. केवढा विश्वास त्या संगीतकाराचा प्रेक्षकावर! लाखो लोकांत मोर्स कोड जाणणारे थोडे, त्यांतले लक्ष देऊन ऐकणारे त्याहून थोडे. त्या थोड्यांसाठी त्याने इतकी मेहनत घेतली.

गाण्यात नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे त्याच्याही आधीची आहे, तीही उघड उघड. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानची गाणी ध्वनिमुद्रित झाली. गाणं संपता संपता तिने इंग्रजीत आपलं नाव सांगितलं. त्याला कारण होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला दुसरा सोपा उपाय नव्हता. जुन्या तबकड्या ऐकताना शेवटी तो गोड, ठसकेबाज उच्चार येतो तेव्हा आजही अंगावर काटा येतो. एक बाई शंभराहून अधिक वर्षांपलीकडून आपलं नाव सांगते.

आता ऑपेरा म्हणजे काय, हे सांगायला मला परदेशात जायची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना तो ठाऊक होता, फक्त नाव वेगळं होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, १८८२ साली 'सौभद्र' आणि मराठी संगीत नाटक उभं राहिलं. गोष्ट नाटकाची, जीव गाण्यात. इटालियन ऑपेरात बहुधा सगळंच गाऊन म्हटलं जातं, अगदी "दार उघड" सुद्धा. आपल्याकडे गद्य संवाद आणि मध्ये पद. पण युरोपातही दुसरी एक परंपरा होती, जर्मन भाषेतली. तिच्यात आपल्यासारखेच बोलके संवाद आणि मध्ये गाणी असत. मोझार्टचं १७९१ सालचं 'मॅजिक फ्लूट' त्याच जातीचं. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सारखं वाटत होतं की आता सूत्रधार आणि नटी येतील. फरक आवाजाच्या लावण्यात आहे. त्यांचा आवाज माइकशिवाय शंभर वाद्यांच्या वर चढून शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, म्हणून तो तसा लावलेला. आपल्या कानाला तो आधी ओरडल्यासारखा वाटतो. तीन-चार वेळा ऐकलं की त्यातला हुंदका ऐकू येतो. ज्यांना लवकर कंटाळा येतो त्यांना माझी विनंती आहे, चौथ्यांदा ऐका.

मला ऐकायला शिकवलं ते गुरुजींनी, ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते. त्यांच्याकडे चावीचा फोनो होता. शनिवारी संध्याकाळी, शिरसाळ्याच्या मारुतीला जाऊन आल्यावर, ते आम्हा पाच-सहा पोरांना ओसरीवर बसवत. सुई बदलायची, तबकडी पुसायची, हे सगळं ते पूजेसारखं करत. मग बालगंधर्वांचं एखादं पद. बोलायचं नाही, हलायचं नाही. तबकडी संपली की गुरुजी विचारत, "श्वास कुठं घेतला?" आम्ही गप्प. पुन्हा तीच तबकडी. "आता सांगा. श्वास कुठं घेतला?" तीन-चार वेळा ऐकल्यावर एखाद्याला ती जागा सापडायची, दोन शब्दांमधली इवलीशी फट, आणि गुरुजींचा चेहरा असा उजळायचा की त्या मुलाने जणू चोर पकडून आणला.

चोर पकडून आणला, हे मी सहज म्हटलं नाही. मोर्स पाहताना मला सारखे गुरुजी आठवतात. कारण हा फौजदार पुरावा शोधतो तो भिंगाने नाही. त्याला साक्षीदाराच्या बोलण्यातला श्वास ऐकू येतो. कोण कुठे थांबला, कुठल्या शब्दाआधी आवाज किंचित बदलला, कुठलं वाक्य पाठ केल्यासारखं आलं. सार्जंट लुईस हुशार आहे, कष्टाळू आहे, कागदपत्रं तोच हुडकून आणतो. पण लुईसला जे सांगितलं तेवढंच ऐकू येतं. मोर्सला जे सांगायचं राहिलं तेही ऐकू येतं. आणि हा कान त्याला पोलीस ठाण्यात मिळालेला नाही. रात्र रात्र वाग्नर ऐकून तो तयार झालेला आहे. वाग्नरची 'रिंग' ही चार ऑपेरांची माळ, सगळी मिळून पंधराएक तासांची. तिच्यात एखादा सूर पहिल्या रात्री नुसता येऊन जातो आणि चौथ्या रात्री त्याचा अर्थ उलगडतो. असलं संगीत ज्याने वर्षानुवर्षं ऐकलं, तो पहिल्या दिवशी ऐकलेलं क्षुल्लक वाक्य शेवटपर्यंत विसरत नाही.

तो स्वतः गातोही. पहिल्याच भागात तो एका गायनवृंदात आहे आणि तिथे भेटलेल्या बाईवर त्याचा जीव जडू लागतो, तोच तिचा मृत्यू होतो. म्हणजे मालिकेचं पहिलं प्रकरण त्याच्या तपासात येतं ते गाण्याच्या वाटेने.

१९९० सालचा 'मेसॉनिक मिस्टरीज' हा भाग तर सगळा 'मॅजिक फ्लूट'वर बेतलेला आहे. गावातल्या हौशी मंडळींची त्या ऑपेराची तालीम चालू आहे, मोर्स कोरसमध्ये आहे, आणि तालमीच्या जागीच त्याच्या ओळखीच्या बाईचा खून होतो. संशय येतो तो मोर्सवर. दिग्दर्शक डॅनी बॉइल, ज्यांनी पुढे मुंबईत येऊन 'स्लमडॉग मिलियनेअर' केला. इथे ऑपेरा नुसता सजावटीला घेतलेला नाही. 'मॅजिक फ्लूट'ची गोष्टच अशी आहे की आरंभी रात्रीची राणी ही दुःखी आई वाटते, जिची मुलगी कोणा दुष्टाने पळवली आहे. आपलं मन तिच्या बाजूने जातं. पुढे कळतं की आपण फसलो. ज्याला दुष्ट म्हटलं तो शहाणा माणूस आहे, आणि राणीच्या त्या डोळे दिपवणाऱ्या उंच तानांत सूड आहे. गाणं इतकं सुंदर आहे की ऐकणाऱ्याला भान राहत नाही, आणि तेवढ्यात ती आईच मुलीच्या हातात सुरा देते. हेरकथा याहून वेगळं काय सांगते? जो गोड वाटला तो निघाला भलताच. मोझार्टने ते दोनशे वर्षांपूर्वी सुरांत सांगून ठेवलं होतं, मालिकेच्या लेखकाने फक्त ते ओळखलं.

'ट्वायलाइट ऑफ द गॉड्स' या १९९३ च्या भागात एक थोर गायिका विद्यापीठाची मानद पदवी घ्यायला ऑक्सफर्डला येते आणि मिरवणुकीत तिच्यावर गोळी झाडली जाते. मोर्स तिचा भक्त. शेजारी उभा असलेला पोलीस आणि आतला रसिक, दोघेही एकाच क्षणी घायाळ होतात. नेम तिच्यावरच होता का, हा तपासाचा प्रश्न.

पण मला सगळ्यांत जिव्हारी लागलं ते दुसरंच. २०१२ साली तरुण मोर्सवर 'एंडेव्हर' नावाची मालिका सुरू झाली. एंडेव्हर हे त्याचं पहिलं नाव, जे तो वर्षानुवर्षं लपवून ठेवतो. तिचा पहिला भाग १९६५ सालात घडतो. शॉन इव्हान्स हा कोवळा नट. या पोराकडे एका गायिकेच्या तबकड्या आहेत. एकटेपणात तिच्या आवाजाने त्याला धरून ठेवलेलं आहे. पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय'मधलं ते प्रसिद्ध गाणं, परदेशी नवऱ्याची वाट पाहणाऱ्या जपानी बाईचं, ती गाते. तपासात त्याची तिच्याशी प्रत्यक्ष गाठ पडते. आणि अखेरीस त्याच्या लक्षात येतं की खून तिनेच केले आहेत. ज्यांनी पाहिलं नाही त्यांची मी क्षमा मागतो, शेवट सांगितला. पण हा शेवट ठाऊक असूनही मी तो भाग अनेकदा पाहिला आहे. ज्या आवाजावर सगळ्यात जास्त विश्वास टाकला, त्याच आवाजाबद्दल खरं काय ते लिहून द्यायचं. तो पोरगा ते लिहून देतो. आणि त्या बाईचं गाणं खोटं होतं, असं मात्र मालिका कुठे म्हणत नाही. गाणं खरंच होतं. खूनही खराच होता. हे दोन्ही एका माणसात राहू शकतं, हे ज्याला सोसवतं तोच पुढे मोर्स होतो.

आता लेखकाबद्दल. कॉलिन डेक्स्टर लॅटिन आणि ग्रीक शिकवणारे शाळामास्तर होते. त्यांचा कान जाऊ लागला. वर्गातली मुलं काय बोलतात ते ऐकू येईना. मास्तरकी सोडावी लागली आणि १९६६ पासून ते ऑक्सफर्डला परीक्षा मंडळात कामाला लागले. ज्याने साऱ्या हेरकथांमधला सगळ्यांत तीक्ष्ण कान निर्माण केला, तो स्वतः बहिरा होत चाललेला माणूस होता. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. शिकवणाऱ्याला मुलांचा आवाज ऐकू न येणं म्हणजे काय, हे मी जाणतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षात मलाही मागच्या बाकावरची उत्तरं ऐकू येत नव्हती आणि मी अंदाजाने "शाब्बास" म्हणत असे.

डेक्स्टरनी ही व्यथा एका कादंबरीत सरळ उतरवली आहे. १९७७ ची 'द सायलेंट वर्ल्ड ऑफ निकोलस क्विन'. क्विन हा परीक्षा मंडळातला कमी ऐकू येणारा अधिकारी, लोकांचे ओठ वाचून बोलणं समजून घेणारा. त्याच ओठवाचनातून त्याला नको ते कळतं आणि त्याचा जीव जातो. ओठांवर ब आणि म सारखेच दिसतात, एवढ्या साध्या गोष्टीवर त्या तपासातली गाठ बसली आहे. आपण प, फ, ब, भ, म एका दमात पाठ म्हणतो. बहिऱ्या माणसाला ती सगळी अक्षरं एकच दिसतात, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

शेरलॉक होम्स सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचं व्हायोलिनही. त्याला हरवणारी बाई, आयरीन अ‍ॅडलर, ही ऑपेरातली गायिका होती, हे मात्र आपण विसरतो. आणि 'मॅझरिन स्टोन' या १९२१ च्या कथेत होम्स चोरांना फसवतो ते ग्रामोफोनने. आत व्हायोलिन वाजतंय, म्हणजे होम्स आत आहे, असं समजून चोर मोकळेपणाने बोलतात. वाजत असते ओफेनबाखच्या ऑपेरातल्या एका गीताची तबकडी. होम्स समोर पुतळ्याच्या जागी बसलेला. ज्याला खरं वाजवणं आणि तबकडी यांतला फरक कळला नाही, तो पकडला गेला.

मग आपलं काय? मराठीत हेरकथांची गरिबी कधीच नव्हती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही नावं या गावातल्या वाचनालयात रांग लावून वाचली गेली आहेत, फाटलेली पानं हाताने लिहून चिकटवलेली मी पाहिली आहेत. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर. टीव्ही आला तेव्हा १९८५ चा 'करमचंद' पाहायला आमच्या गल्लीत एका घरी चाळीस माणसं बसत, आणि अँटेना धरायला एक पोरगा कौलांवर. १९९३ साली बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्शी' आला, आनंद शंकरांच्या त्या शीर्षकसंगीतासह. मराठीत 'एक शून्य शून्य' येऊन गेली, आणि तिच्यातले आपले शिवाजी साटम १९९८ पासून 'सीआयडी'तून घराघरांत पोचले. ही माणसं मला प्रिय आहेत. पण यांतला एकही तपास करणारा घरी गेल्यावर काय ऐकतो, ते मला कोणी सांगितलं नाही.

आणि पुढे पुढे तर आवाजाचं काम एकच उरलं. धडाम. दार उघडलं, धडाम. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, तीनदा धडाम. प्रेक्षकाने कुठे दचकायचं ते त्याला वाजवून सांगायचं. याने माझा जीव तुटतो. ज्या समाजाने पदाला पद्धतशीर "वन्स मोअर" देऊन रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नाटकं ऐकली, त्या समाजाच्या कानाला आता इशारे द्यावे लागतात?

आपल्याकडे गाणारी हेरकथा झालीच नाही, असं नाही. ती शंभर वर्षांपूर्वी झाली आणि तिला आपण विनोदी नाटक म्हणून हसून सोडून दिलं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ'. आधी ते गद्य होतं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. मोलिएरच्या मूळ फ्रेंच प्रहसनावरून इंग्रजीत आणि तिथून मराठीत आलेलं. त्याला पदं घालून १९१६ साली ते संगीत झालं. आता तपासाच्या नजरेने पाहा. रस्त्यात रेवतीला घेरी येते, तिच्या हातातली आश्विनशेटची तसबीर पडते. ती कृत्तिकेला सापडते. कृत्तिका तसबीर न्याहाळताना तिचा नवरा फाल्गुनराव पाहतो. झालं, पुरावा मिळाला! इकडे कृत्तिकेने नवऱ्याला रेवतीला सावरताना पाहिलेलं, तिलाही पुरावा मिळाला. सगळ्यांचे डोळे शाबूत आहेत, सगळ्यांनी पाहिलेलं खरं आहे, आणि सगळ्यांचा निष्कर्ष चूक. पात्रांची नावं महिन्यांची नि नक्षत्रांची, जणू आकाशच चुकीच्या जागी सरकलंय. फाल्गुनराव हा मराठी रंगभूमीवरचा पहिला अडाणी हेर आहे. पाळत ठेवतो, उलटतपासण्या घेतो, तसबीर पुरावा म्हणून जपतो. एक गोष्ट मात्र करत नाही. तो ऐकत नाही. समोरचा पुरी गोष्ट सांगेपर्यंत त्याला दम निघत नाही. त्याच नाटकात रेवती आणि आश्विनशेट गातात आणि ज्याने ते गाणं कान देऊन ऐकलं त्याला त्यांचं प्रेम खरं की खोटं हे पहिल्या आलापात कळतं. प्रेक्षकाला कळतं. फाल्गुनरावाला नाही.

मला वाटतं, मराठीत मोर्स लिहायचा तर तो खानदेशातच लिहावा. बालगंधर्व म्हणून जे नाव पुढे महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, त्या नारायण राजहंसांनी लहानपणी जळगावात राहून मेहबूब खाँसाहेबांकडे गाण्याचे धडे घेतले होते. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे ते उगीच नाही. तेव्हा इथल्या तरुण लेखकांसाठी मी एक फौजदार मनात जुळवून ठेवला आहे. भुसावळला नेमणूक. रेल्वे वसाहतीत एकटा राहतो. घरी फोनो आहे, वडिलांकडून आलेला. सकाळी चहा करताना जळगाव आकाशवाणी लावतो. जेवायला शेवभाजी, फार तिखट.

आणि त्याच्यासाठी एक धागाही देतो. एक माणूस जबानीत सांगतो, "त्या रात्री मी घरातच होतो, बालगंधर्वांची जुनी तबकडी ऐकत. शेजाऱ्यांना विचारा." शेजारी सांगतात, हो, गाणं चालू होतं, एकच पद, दहा-पंधरा मिनिटं सलग, मध्ये खंड नाही. लुईससारखा मदतनीस लिहून घेतो, जबानी जुळली. आपला फौजदार मात्र वहीवरून नजर उचलतो. ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच वाजते. मग उचलावी लागते, उलटावी लागते, सुई पुन्हा टेकवावी लागते, चावी भरावी लागते. खंड पडणारच. सलग पंधरा मिनिटं चाललेलं गाणं तबकडीचं नव्हे. मग ते आलं कुठून? कोणी आणि कशासाठी लावलं? आणि तो माणूस तबकडी म्हणाला, याचा अर्थ ते काय वाजतंय हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. पुढचं तुम्ही लिहा. हा धागा मी कोणाकडून उसना घेतलेला नाही, गुरुजींच्या ओसरीवर बसून मिळालेला आहे. तिथे दर तीन मिनिटांनी चावी भरायची पाळी माझी असे.

मोर्सच्या शेवटच्या भागाचं सांगून थांबतो. ऑक्सफर्डच्या कॉलेजातली हिरवळ. त्याची प्रकृती केव्हाचीच ढासळलेली. बाजूच्या प्रार्थनामंदिरात गायनवृंद गाब्रिएल फोरेच्या 'रिक्विएम'मधला अखेरचा भाग गातोय, मृतांच्या शांतीची प्रार्थना. मोर्स चालता चालता थांबतो आणि तिथेच कोसळतो. खुनी कोण, तपास कुठवर आला, त्या क्षणी कशाचंच महत्त्व राहत नाही. तो ऐकतो आहे एवढंच दिसतं. हा भाग लागल्यानंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारी २००२ मध्ये, जॉन थॉ खरोखरच गेले. डेक्स्टर २०१७ साली. भारतातली तारसेवा त्याआधीच, जुलै २०१३ मध्ये, बंद झाली होती. त्या दिवशी वडिलांनी दुपारचं जेवण घेतलं नाही.

आता मी दोन गोष्टी ऐकवणार आहे. आधी फेलुंग यांची ती धून. सभागृहात रेल्वेतली जुनी मंडळी बसलेली मला दिसताहेत, त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट ठेवावं. मग बालगंधर्वांची एक तबकडी, गुरुजींच्या संग्रहातली, त्यांच्या घरच्यांनी आजच्यासाठी विश्वासाने माझ्या हाती दिलेली. सुई नवी घातली आहे. तीन मिनिटं कोणी टाळी वाजवू नका. तबकडी संपली की मी एकच प्रश्न विचारणार आहे, आणि तो तुम्हाला ठाऊक आहे.

(यानंतर दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकवण्यात आली. तबकडी श्रोत्यांच्या आग्रहावरून तीन वेळा लावण्यात आली.)